अडलं कुठे, ते सांगा

(पवनी येथे पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्याशी झालेल्या संवादाचा संपादित मजकूर.)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा ‘करिअर मार्गदर्शन’ असा विषय सांगितला होता. मी म्हटलं, मार्गदर्शनाची भाषणं तुम्ही बारावीपासून ऐकत आला आहात. कोणता कोर्स घ्यावा, कोणत्या क्षेत्रात नोकऱ्या आहेत, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मला त्याहून लहान विषयावर बोलायचं आहे. उद्या सकाळी असाइनमेंट द्यायची आहे, रात्रीचे साडेदहा वाजलेत, गणिताचा तिसरा प्रश्न सुटत नाही आणि घरात विचारायला कुणी नाही. अशा वेळी काय करायचं? एवढाच आजचा विषय.

ऐकायला हा विषय किरकोळ वाटतो. पण इंजिनिअरिंग आणि बी.एस्सी.ची मुलं कुठे गळतात हे मी जवळून पाहिलं आहे. पहिल्या वर्षाच्या गणितात आणि भौतिकशास्त्रात अशा पाच-सहा रात्री लागोपाठ आल्या, की मूल मनातल्या मनात हरतं. मग तो विषय राहतो. एक बॅक राहिला की पुढच्या सेमिस्टरला दोन होतात, कारण पुढचं गणित मागच्यावरच उभं असतं. विकलन कच्चं राहिलेल्या मुलाला डिफरन्शियल इक्वेशन समजणार नाही, आणि ते समजलं नाही तर सर्किट आणि कंपनं दोन्ही अवघड जाणार. बहुतेक शिष्यवृत्त्यांच्या नूतनीकरणाला मार्कांची अट असते, ती चुकते. अब्बांनी कुणाकडून तरी उसने पैसे घेऊन फी भरलेली असते. मग ‘इंजिनिअरिंग आपल्यासाठी नाहीच’ असं म्हणत मुलगा दुकानावर बसतो. मुलगी असेल तर लग्नाची बोलणी सुरू होतात.

सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. त्यात २००१ च्या जनगणनेच्या आधारे मांडलं आहे की देशात वीस वर्षांवरच्या लोकसंख्येत पदवी किंवा पदविका असलेले सुमारे ७ टक्के होते, आणि मुसलमानांमध्ये हे प्रमाण ४ टक्क्यांहून कमी होतं. नामांकित कॉलेजांत पदवीच्या दर पंचवीस विद्यार्थ्यांमागे एकच मुस्लिम, असंही तो अहवाल सांगतो. हे आकडे आता जुने झाले, आपण बरेच पुढे आलो. पण त्यांचा एक परिणाम आजही तुमच्या घरात आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी याआधी कुणी कॉलेजात गणित शिकलेलं नाही. ज्याचे वडील प्राध्यापक आहेत किंवा बहीण इंजिनिअर आहे, तो जेवताना सहज विचारतो, ‘ताई, हे कसं करायचं गं?’ त्याला त्यात मदत घेतल्यासारखंही वाटत नाही. तुम्हाला मात्र ती मदत बाहेर जाऊन मागावी लागते. म्हणून ती मागायची कशी, हे तुम्ही शिकून घेतलं पाहिजे.

उतरवून काढलेलं गणित

आधी एक सरळ गोष्ट. हॉस्टेलमध्ये असाइनमेंट कशी पूर्ण होते, हे तुम्हाला माहीत आहे. एका हुशार मुलाची वही फिरते, सगळे तिच्यावरून उतरवतात, सकाळी सह्या होतात. कुणाला उपदेश करायला मी आलेलो नाही. फक्त हिशोब मांडतो. असाइनमेंटचे इंटर्नल मार्क थोडे असतात आणि लेखी परीक्षेचे पुष्कळ. उतरवलेल्या वहीने ते थोडे मार्क मिळतात, पण परीक्षेच्या हॉलमध्ये ती वही नसते. असाइनमेंट ही तालीम आहे. तालमीत दुसऱ्याने मारलेल्या जोर-बैठकांनी आपलं अंग तयार होत नाही.

माझ्या शेजारच्या खोलीत एक मुलगा होता. अक्षर मोत्यासारखं आणि वही वर्गात सर्वांत नीटनेटकी. सोडवलेली गणितं वाचताना त्याला प्रत्येक पायरी पटायची, आणि पटली म्हणजे आली असं त्याला वाटायचं. कोऱ्या कागदावर मात्र पहिली ओळ सुचायची नाही. दुसऱ्याचं उत्तर वाचून मान हलवणं आणि स्वतः पहिली ओळ लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत. मदत चांगली होती की नाही, हे ओळखायची एक सोपी कसोटी सांगतो. मदत मिळाल्यानंतर वही बंद करा, कोरा कागद घ्या आणि तेच गणित पुन्हा सोडवा. सुटलं तर मदत झाली. नाही सुटलं तर तुम्हाला फक्त उत्तर मिळालं.

गोसेखुर्दचा दरवाजा

आता एक उदाहरण घेऊ. पवनीच्या माणसाला धरण समजावून सांगायची गरज नाही. पावसाळ्यात वैनगंगा फुगली की गोसेखुर्दच्या ३३ दरवाजांपैकी किती उघडले, हे आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असतं. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात हमखास एक प्रश्न असतो: धरणाच्या दरवाजावर पाण्याचा एकूण जोर किती? सोपेपणासाठी दरवाजा सपाट आणि उभा धरू. तो १० मीटर रुंद आहे आणि पाणी त्याच्या तळापासून १० मीटर उंच आहे. हे आकडे मी हिशोबाला सोपे म्हणून घेतलेत, प्रत्यक्ष दरवाजे वेगळे आहेत.

एक मुलगी हे गणित असं करते. तळाशी दाब किती? पाण्याची घनता १,०००, गुरुत्वत्वरण ९.८ आणि खोली १०. गुणाकार ९८,००० पास्कल. दरवाजाचं क्षेत्रफळ १०० चौरस मीटर. दाब गुणिले क्षेत्रफळ म्हणजे ९८ लाख न्यूटन. पुस्तकामागचं उत्तर मात्र ४९ लाख.

इथे ती दोन प्रकारे मदत मागू शकते. ग्रुपवर फोटो टाकून लिहायचं, ‘हे कुणीतरी सोडवून द्या प्लीज.’ त्यावर एक तर कुणी उत्तर देत नाही, नाहीतर कुणीतरी पूर्ण सोडवलेलं पान टाकतं. दोन्हींत तिचं नुकसान आहे.

दुसरा प्रकार असा: ‘दरवाजावरचा एकूण जोर काढायचा आहे. मी तळाचा दाब काढला आणि क्षेत्रफळाने गुणलं. ९८ लाख आलं, पुस्तकात ४९ लाख आहे. माझं उत्तर बरोबर दुप्पट येतंय. एकक तपासलं, गुणाकार पुन्हा केला, तो बरोबर आहे. मग दुप्पट का?’

हा प्रश्न वाचणाऱ्याला उत्तर द्यायला एक मिनिट लागतं. ‘तळाचा दाब सगळ्या दरवाजावर सारखाच आहे का?’ एवढा उलट प्रश्न पुरतो. मुलगी थबकते. वर पाण्याच्या पृष्ठभागाशी दाब शून्य आहे, तळाशी ९८,०००. मधे तो खोलीबरोबर सारखा वाढत जातो. म्हणजे सरासरी निम्मी, ४९,०००. गुणिले १००, झाले ४९ लाख. ५०० टन वजनाइतका हा जोर आहे.

आणि मग तिच्या लक्षात येतं की संकलन, म्हणजे इंटिग्रेशन, इथे कशाला आहे. पाण्याखाली ‘वाय’ खोलीवर ‘डी-वाय’ जाडीची एक आडवी पट्टी घ्यायची, त्या पट्टीवरचा जोर काढायचा आणि शून्यापासून दहापर्यंत सगळ्या पट्ट्यांची बेरीज करायची. दरवाजा त्रिकोणी असता तर निम्म्याची युक्ती चालली नसती, पट्ट्यांची चालली असती. खोली दुप्पट केली तर जोर चौपट होतो, हेही ती आता स्वतः सांगू शकेल. धरणाची भिंत खाली रुंद आणि वर अरुंद का बांधतात, त्याचं एक कारणही तिच्या हाती लागलं.

एका नीट विचारलेल्या प्रश्नाने एवढं काम केलं. तिला गणित ‘येत नव्हतं’ असं नाही. एक पायरी वगळता तिला सगळं येत होतं. ‘मला फिजिक्स येत नाही’ असं म्हणणारी बहुतेक मुलं अशीच एका पायरीवर अडलेली असतात. पायरी सापडत नाही म्हणून ती सगळ्या विषयालाच नावं ठेवतात.

प्रश्न कसा विचारायचा

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे दिवसभर हेच चालतं. प्रोग्राममध्ये दोष आला, म्हणजे बग निघाला, की तो कळवायची एक पद्धत असते. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलेली तक्रार परत येते. काय करत होतात, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं आणि तुम्ही काय करून पाहिलं, हे लिहावं लागतं. वीस वर्षं अनुभव असलेला माणूसही ते लिहितो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. गणितासाठी त्याचीच चार वाक्यं करा.

पहिलं: प्रश्न काय आहे, तो स्वतःच्या शब्दांत. दिलेलं काय, काढायचं काय. शक्य असेल तर आकृती. इथेच अर्धी गणितं सुटतात, कारण बऱ्याचदा आपण प्रश्न पूर्ण वाचलेलाच नसतो.

दुसरं: मी काय केलं. चुकलं असेल तरी ते लिहायचं. खोडून टाकायचं नाही. डॉक्टरकडे जाताना आपण दुखणं लपवत नाही.

तिसरं: कोणत्या ओळीवर अडलं. ‘पाचव्या ओळीपर्यंत बरोबर वाटतं, सहाव्या ओळीत चिन्ह का बदललं ते कळत नाही.’

चौथं: काय तपासून पाहिलं. दोन्ही बाजूंची एककं जुळतात का? खोली शून्य ठेवली तर उत्तर शून्य येतं का? कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे की रेडियनवर? कंपनाच्या गणितात हे शेवटचं आधी पाहा. सूत्र बरोबर, आकडे बरोबर आणि उत्तर भलतंच, असं झालं की कॅल्क्युलेटरचं एक बटण दोषी असण्याची शक्यता मोठी असते.

ही चार वाक्यं लिहिता लिहिता पुष्कळदा उत्तर सापडतं आणि कुणाला विचारायची वेळच येत नाही. प्रोग्रामर लोकांत याला एक गमतीचं नाव आहे. टेबलावर रबराचं बदक ठेवायचं आणि त्याला आपला कोड ओळीने समजावून सांगायचा. सांगताना चूक आपोआप दिसते. १९९९ च्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर’ या पुस्तकामुळे हे बदक जगभर पोहोचलं. बदक नसेल तर धाकट्या भावाला समोर बसवा. त्याला कळलं नाही तरी चालेल.

जॉर्ज पोल्या नावाचे गणिती होऊन गेले. त्यांचं १९४५ चं ‘हाउ टू सॉल्व्ह इट’ हे पुस्तक लहान आहे, सोपं आहे. प्रश्न समजून घ्या, योजना करा, ती पार पाडा आणि मग मागे वळून पाहा, अशा चार पायऱ्या त्यात आहेत. आपण पहिली आणि चौथी सोडतो आणि मधल्या दोनमध्ये घाम गाळतो.

एकट्याने अभ्यास करणारी मुलं

आता अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्याला लागू पडते. १९७०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथे यूरी ट्राइझमन नावाचा तरुण गणित शिकवत होता. त्याच्या लक्षात आलं की पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं मोठ्या संख्येने मागे पडतात आणि चिनी वंशाची मुलं चांगले मार्क घेतात. कारण विचारलं तर प्राध्यापकांची उत्तरं ठरलेली: या मुलांना ओढ नसते, पाया कच्चा असतो, घरून पाठबळ नसतं, गरिबी असते. आपल्याबद्दलही लोक अशीच उत्तरं देतात, तुम्ही ऐकली असतील.

ट्राइझमनने दोन्ही गटांतली वीस-वीस मुलं घेतली आणि ती अभ्यास कसा करतात ते प्रत्यक्ष जाऊन पाहिलं. प्राध्यापकांची कारणं टिकली नाहीत. ती मुलं कष्टाळू होती आणि त्यांच्या घरच्यांना शिक्षणाची कळकळ होती. फरक दुसरीकडे होता. ती खोलीचं दार लावून एकटी अभ्यास करत. अडलं की आपलीच चूक आहे असं समजत आणि गप्प राहत. चिनी मुलं आधी एकटी बसून गणितं करत, मग संध्याकाळी एकत्र जमून उत्तरं ताडून पाहत. चौघांचं सारखं आणि एकाचं वेगळं आलं की त्या एकाला लगेच कळायचं. एखादं गणित कुणालाच आलं नाही तर गणितच अवघड आहे हे कळायचं, आणि मग ती न लाजता शिक्षकांकडे जायची.

ट्राइझमनने मग कार्यशाळा सुरू केल्या. त्यांत सोपी गणितं देऊन ‘कच्च्या’ मुलांची उजळणी घेतली नाही. उलट नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली आणि ती गटात सोडवायला लावली. त्या मुलांचे निकाल ठळकपणे सुधारले. हा सगळा अनुभव त्याने पुढे १९९२ मध्ये एका लेखात मांडला आणि ही पद्धत अमेरिकेतल्या इतर विद्यापीठांनीही उचलली.

आपली मुलं कॉलेजात जातात तेव्हा त्यांच्याही मनात हीच भीती असते. वर्गात आपल्या नावाचे दोघंतिघंच. प्रश्न विचारला आणि तो बावळट निघाला तर? हसतील, आणि मला एकट्याला नाही, सगळ्यांना हसतील. या शरमेने तोंड बंद होतं. तिच्यावर उपाय एकच मला माहीत आहे: आधी चार जणांत विचारायची सवय. चौघांपैकी तिघांना तेच अडलेलं असतं, हे दोन-तीनदा अनुभवलं की साठ जणांच्या वर्गातही हात वर जातो. आणि हे चौघं आपल्याच मोहल्ल्यातले असावेत असं मुळीच नाही. वर्गातला जो कुणी तुमच्याबरोबर बसून गणित करायला तयार आहे, तो तुमचा गट.

तीन भाषांचं ओझं

घरी उर्दू मिसळलेली हिंदी, बाजारात झाडीबोली, शाळेत पुस्तकी मराठी, आणि कॉलेजात एकदम इंग्रजी. त्रिकोणाला कुणी मुसल्लस म्हणून शिकलेला, कुणी त्रिकोण, आणि सर म्हणतात ट्रायंगल. गणित कळत नाही असं वाटतं तेव्हा पुष्कळदा वाक्य कळलेलं नसतं. पुस्तकात ‘स्मूथ’ पृष्ठभाग लिहिलं असेल तर त्याचा अर्थ ‘घर्षण धरू नका’ असा असतो. ‘लाइट’ दोरी म्हणजे जिचं वजन मोजायचं नाही ती. ‘फ्रॉम रेस्ट’ म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. हे इंग्रजीच्या तासाला कुणी शिकवत नाही आणि फिजिक्सच्या तासाला सगळ्यांना माहीत आहे असं धरून चालतात.

म्हणून वहीच्या शेवटच्या पानांवर स्वतःचा शब्दकोश करा. इंग्रजी शब्द, त्याचा मराठी किंवा उर्दू अर्थ, आणि गणितात त्याने काय करायचं ते. पहिल्या सेमिस्टरला शंभर-दीडशे शब्द होतील, दुसऱ्यात फार थोडे वाढतील. तांत्रिक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, ई-कुंभ पोर्टलवर इंजिनिअरिंगची पाठ्यपुस्तकं मराठीतही मोफत मिळतात. इंग्रजी पुस्तक शेजारी ठेवून ती वाचा. परीक्षा इंग्रजीत द्यायची असली तरी आधी समजून घ्यायला आपली भाषा वापरण्यात काही गैर नाही. गटात चर्चा कुठल्याही भाषेत होऊ द्या. उत्तर कागदावर इंग्रजीत उतरवा.

फोन आणि यंत्र

फोनबद्दल बोलल्याशिवाय सुटका नाही. आज गणिताचा फोटो काढला की अ‍ॅप उत्तर देतं. चॅटजीपीटीसारखा प्रोग्राम पायऱ्या लिहून देतो. हे वापरू नका असं मी म्हणणार नाही. आम्हीही कामात वापरतो. पण तिथेही चार वाक्यांचा नियम पाळा. ‘सोडवून दे’ म्हणू नका. ‘माझ्या या पाच ओळी आहेत, पहिली चूक कुठे आहे ते सांग, पुढचं सोडवू नकोस’ असं म्हणा. आणि तो जे सांगेल ते तपासा, कारण तो चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतो. एककं, टोकाच्या किमती आणि पुस्तकामागचं उत्तर, हे तीन साक्षीदार यंत्रालाही लावायचे.

शिकण्यासाठी मोफत चांगल्या गोष्टी पुष्कळ आहेत. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे पूर्ण अभ्यासक्रम आहेत. एमआयटीचे अभ्यासक्रम गणितांसकट आणि बऱ्याच ठिकाणी उत्तरांसकट नेटवर मोफत आहेत. भौतिकशास्त्राचा पाया कच्चा वाटत असेल तर एच. सी. वर्मा यांचे ‘कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’चे दोन खंड लाज न बाळगता पुन्हा काढा. बारावीचं पुस्तक कॉलेजात वाचणं हा मागे जाण्याचा प्रकार नाही. घराला ओल आली तर पायाच पाहावा लागतो.

आणि फोनचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे फोन करणं. सलमान खान, आपला नट नव्हे, खान अकॅडमीवाले. २००४ मध्ये त्यांची नात्यातली बहीण नादिया दूरच्या शहरात होती आणि एककं बदलण्याच्या गणितात अडली होती. ते तिला फोनवर शिकवायला लागले. मग इतर भावंडं आली आणि त्यातून पुढे सगळं उभं राहिलं. सुरुवात एका घरातली, एका अडलेल्या धड्यापासून. पवनीची किती मुलं-मुली आज नागपूर, पुणे, हैदराबादला नोकरीत आहेत! त्यांच्यापैकी प्रत्येकाने आठवड्याला एक तास फोनवर दिला तरी कितीतरी जणांची पहिली वर्षं सुटतील. ही विनंती मी माझ्या वयाच्या लोकांना करतोय. वर्गणी देतो तसा वेळ द्या.

मुलींसाठी, आणि त्यांच्या आई-वडिलांसाठी

गटात अभ्यास करा म्हणणं मुलांना सोपं आहे. ती रात्री अकरापर्यंत कुणाच्याही ओट्यावर बसू शकतात. मुलगी एसटीने भंडाऱ्याहून किंवा नागपूरहून परतते, घरकामाला हात लावते आणि मग एकटीच वही उघडते. तिचा फोन कधी कधी भावाबरोबर वाटून घेतलेला असतो. वर्गातल्या मुलाला शंका विचारली तर घरी चौकशी होते. म्हणजे ट्राइझमनने पाहिलेला एकटेपणा आपल्या मुलींच्या वाट्याला सगळ्यात जास्त आलेला आहे, आणि तो आपणच दिलेला आहे.

पालकांना हात जोडून सांगतो. मुलीला कॉलेजात पाठवलं हे मोठं काम केलंत. आता तिला अभ्यासाचे सोबतीही मिळू द्या. रविवारी दुपारी दोन तास तिच्या मैत्रिणी तुमच्या घरी येऊ द्या. त्या दोन तासांत तिला चहा करायला उठवू नका. वर्गमित्राचा गणितासाठी फोन आला तर तो गणितासाठीच आहे असं आधी धरून चला.

हे काम जुनं आहे

गणितात एकमेकांची मदत घेणं ही काही नवी टूम नाही. इसवी सन ८२० च्या सुमारास बगदादमध्ये अल-ख्वारिज्मींनी बीजगणिताचं पुस्तक लिहिलं. त्यातल्या ‘अल-जब्र’ या शब्दावरून अल्जिब्रा आला आणि त्यांच्या नावावरून अल्गोरिदम. वारसाहक्काच्या वाटण्या, व्यापार, जमिनीची मोजणी यांत लोक अडतात, त्यांना उपयोग व्हावा हा त्यांचा हेतू होता. आपल्या महाराष्ट्रात, चाळीसगावजवळच्या पाटण इथे, १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला आणि त्याला दान मिळालं, याची ती नोंद आहे. त्यातला काही मजकूर जुन्या मराठीत आहे. म्हणजे गणित शिकायची जागा चालावी म्हणून लोकांनी आपल्या मिळकतीतून वाटा दिला. त्याच भास्कराचार्यांच्या लीलावतीचा फारसी अनुवाद १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीने केला. संस्कृतातलं गणित फारसी जाणणाऱ्यांना अडू नये म्हणून. अरबी, संस्कृत, मराठी, फारसी: गणित असंच हातोहात पुढे आलं आहे. ते आपलं आहे की परकं, हा प्रश्नच उरत नाही.

पवनीत काय करता येईल

शेवटी कामाचं बोलू. एक खोली हवी. शाळेचा वर्ग चालेल, वाचनालय चालेल, मदरशाची रिकामी खोली चालेल, समाजमंदिर चालेल. आठवड्यातला एक दिवस आणि एक वेळ ठरवा, आणि दोनच जण आले तरी ती मोडू नका. एक फळा, खडू, आणि एक नोंदवही.

येताना प्रत्येकाने निदान एक अडलेलं गणित आणायचं, चार वाक्यांसह. कोऱ्या हाताने यायचं नाही. ज्याला ते येतं त्याने फळ्यावर सोडवायचं नाही, फक्त पुढचा प्रश्न विचारायचा. खडू अडलेल्याच्याच हातात राहील. कुणालाच आलं नाही तर त्याचा फोटो बाहेरगावच्या एका ताईला किंवा भाईला पाठवायचा. आणि कुणी हसला तर पुढचं गणित त्याने फळ्यावर सोडवायचं.

नोंदवहीत तीन रकाने असू द्या: तारीख, काय अडलं आणि कुठल्या पायरीवर सुटलं. वर्षभराने ती वही पुढच्या वर्षीच्या मुलांना द्या. नेटवर कुठेही मिळणार नाही असं पुस्तक तयार झालेलं असेल, कारण आपल्या गावची मुलं नेमकी कुठे अडतात हे त्यात लिहिलेलं असेल.

मी पुढचे दोन दिवस गावात आहे. आज संध्याकाळी मगरिबनंतर ज्यांना जमेल त्यांनी याच ठिकाणी वही घेऊन या. अडलेलं गणित आणा आणि खोडलेली पानं तशीच राहू द्या. सुरुवात तिथूनच करू.